तिसऱ्या सिलिंडरातले आबाजी

माझा थोरला लेक सोपानराव पन्नाशी ओलांडलेला बाप्या, पण वागणं असं की मला मान खाली घालावी लागली. अंगणातल्या मोटारीला हळदकुंकू वाहून तिच्यापुढं लोटांगण घालत होता, आणि ते बघायला अर्धी कासारवाडी नारळ घेऊन लोटली होती.

मोटार आमच्या ह्यांची, म्हणजे आबाजींची, जुन्या काळची. हे गेले त्या वर्षीच इंजिन ठकठकायला लागलं. गावातल्या कोंडीराम महाराजानं लगेच डोळे फिरवले, "आबाजी आत बसून बोलतायत!"

महाराजाची रीत ठरलेली. इंजिन चालू ठेवून अर्धा तास भजन, मग आबाजी जागे. महाराज स्वतः स्टिअरिंगमागं, मांडीवर पायघोळ शाल. ठकठक हळू आली तर होकार, जोरात आली तर कोप.

सोपानानं हात जोडून विचारलं, "आबा, तेजूनं चाकणच्या नोकरीवर जावं का?"

इंजिन असं ठोकायला लागलं की बायका मागं सरल्या.

"आबाजी कोपले! पोर उंबऱ्याबाहेर गेली तर घर बसंल!"

सोपानानं नेमणुकीचं पत्र फाडायला धरलं. त्याची लेक, माझी नात तेजस्विनी ओठ चावत उभी.

मी उठले. "थांब. महाराज, खाली उतरा."

"माई, कोप होईल!"

"होऊ द्या. माझ्याच नवऱ्याचा हाय, मला सवय हाय."

शाल ओढली. खाली महाराजाचा पाय ॲक्सिलरेटरवर! पाय निघाला, तसा कोप निवला. बारीक ठकठक मात्र राहिली.

चाळीस वर्षं मी पिठाची गिरणी चालवली. लाकडी दांडकं इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं. गिरणीच्या इंजिनाचं बेअरिंग झिजलं की यायचा तोच आवाज. "बेअरिंग गेलंय."

तेजूनं फडक्यानं धरून तिसऱ्या प्लगची वायर उपसली, तसा तिसरा सिलिंडर बंद पडला. ठकठक बंद.

"आत्मा रुसला," महाराज पुटपुटला.

तेजूनं वायर लावली. ठकठक सुरू. "गेला बघा रुसवा! तेल तापून पातळ झालं की तिसऱ्या सिलिंडरचं झिजलेलं बेअरिंग वाजतं. अर्धा तास भजन त्यासाठीच."

शेजारची इंद्रायणी म्हणाली, "म्हंजे गार इंजिनात आबाजी झोपतात व्हय?"

हसण्याच्या गोंधळात महाराज सटकला. मी सोपानाच्या हातून पत्र काढून घेतलं.

"सोपाना, आवाज आला तर आधी बॉनेट उघडायचं, कुठून येतोय ते बघायचं. हात जोडायला देव कुठं पळून चाललेत? तुझ्या बापानं जित्तेपणी स्वतः जाऊन पोरीला इंजिनाच्या डिप्लोमाला घातली. तवा त्याचं ऐकलं न्हाईस, आणि आता लोखंड ठोकतंय ते ऐकतोस? पोरगी सोमवारी कामावर जाणार. आणि तिला बसपर्यंत सोडायला तूच जाणार."