बेडीशिवायची ओळख

हवालदार मनोहररावांची सव्वीस वर्षे नागपूरच्या तुरुंगातून कोर्टात कैदी नेण्या-आणण्यात गेली. कोर्टाच्या परवानगीशिवाय बेडी घालायची नाही, हा नियम त्यांना ठाऊक होता, पण सवय त्याहून घट्ट. कैदी कोणीही असो, न्यायाधीशांसमोरसुद्धा त्याच्या हातातली बेडी निघत नसे.

त्या दिवशी सुशीलची कोर्टात पेशी होती. शहराच्या सदर भागात मोटारसायकली दुरुस्त करणारा हा पोरगा, धरमपेठेत एका बाईची साखळी हिसकावल्याच्या आरोपावरून सात महिने आत होता. बाईला चोर पाठमोराच दिसला होता; ओळखणारा साक्षीदार एकच, पानठेलेवाला गोलू. त्याने बोट दाखवले की सुशीलचा खेळ खलास!

न्यायाधीश खुर्चीवर आले होते, गोलू अजून दालनाबाहेरच बसलेला होता. तेवढ्यात सुशीलच्या वकील लतिकाताई मनोहररावांजवळ आल्या.

"मनोहरराव, बेडी काढा."

"काहून जी ताई? पळाला त माही नोकरी जाईन!"

"दारात दोन शिपाई आहेत, पळेल कुठे? अहो, साक्षीदाराला आधी बेडी दिसते, मग माणूस. अशा ओळखीला काय अर्थ?"

"पोलिसानं पकडलं म्हणजे काही तरी केलंच असन ना!"

"ते ठरवायलाच तर हे कोर्ट आहे. तुम्ही दारातूनच निकाल लावून आणता!"

न्यायाधीशांनी ते ऐकले. "बेडीची परवानगी घेतली होती?"

"नाही जी साहेब. नेहमीच असं आणून राहिलो."

"काढा. त्याला मागे लोकांत बसू द्या."

मनोहररावांनी नाइलाजाने किल्ली फिरवली. सुशील मनगट चोळत मागच्या बाकावर बसला. शेजारी दुसऱ्या खटल्यासाठी साध्या कपड्यांत आलेला तरुण शिपाई पियूष होता.

गोलू आत आला. त्याने आधी आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिले. तो रिकामा! मग तो बाकांवरचे चेहरे न्याहाळू लागला. कपाळावर घाम आला. शेवटी त्याने बोट उचलले.

"हाच जी! झोपीतही ओळखीन!"

बोट पियूषकडे होते!

"अबे, मी पोलीसवाला होय!" पियूष ताडकन उठला. सारे कोर्ट हसले. मनोहरराव मात्र हसले नाहीत.

गोलूने मान खाली घातली. "चोरानं तोंडाले रुमाल बांधला होता, साहेब. मले वाटलं, पोलिसानं पकडला म्हणजे तोच असन."

आपलेच शब्द! मनोहररावांनी हातातल्या बेडीकडे पाहिले. आपण बेड्या घालून आणलेल्या किती जणांवर अशी बोटे उठली असतील?

त्याच आठवड्यात सुशील निर्दोष सुटला. बाहेर त्याची आई प्रयागबाई, बेडी काढली म्हणून, मनोहररावांच्या पाया पडायला वाकली. ते झटकन मागे सरले.

"नको वं माय! सात महिने मीच त्याले चोर करून आणत होतो."

दुसऱ्या दिवशी एका नव्या शिपायाने बेडी उचलली, तेव्हा मनोहररावांनी त्याचा हात धरला. "परवानगीचा कागद आहे का गा? नाही? मग ठेव ते खाली." त्या दिवशी त्यांच्या गाडीतले चारही कैदी मोकळ्या हातांनी कोर्टाची पायरी चढले, आणि एकही पळाला नाही!

बंधुभगिनींनो, निकाल लागेपर्यंत आरोपी हा तुमच्या-आमच्यासारखाच माणूस असतो. ताठ मानेने न्याय मागणे हा त्याचा हक्क आहे. तो आज त्याच्यासाठी जपला, तरच उद्या आपल्यासाठी उरेल.