न्हाणीघराची आतली कडी

माझा आवाज जरा करकरीत आहे, कानाला लागेल. लागू दे. मी कडी बोलतेय, बेंगळुरूच्या एका स्त्रियांच्या तुरुंगातल्या न्हाणीघराची. दाराच्या आतल्या बाजूला बसलेय आणि इथून हलायचा माझा अजिबात विचार नाही.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला, तिथलं काही आठवत नाही. जाग आली ती चिकपेटेत, रघुपती अण्णांच्या दुकानात. खिळे, बिजागऱ्या आणि नळाच्या तोट्यांच्या गर्दीत आम्ही बारा बहिणी एका खोक्यात होतो. दोघी कोरमंगलाच्या एका पीजीत गेल्या, एक हेब्बाळच्या फ्लॅटमध्ये. जाताना कुणाला काही विचारलं गेलं नाही. कडीला कोण विचारतं!

मला न्यायला आली ऋचा. पुण्याहून आलेली तरुण वकील. तुरुंगातल्या बायकांना कायद्याची मदत करते.

"कुठल्या दाराला पाहिजे, मॅडम?" अण्णांनी विचारलं.

"जेलच्या बाथरूमला."

अण्णा खो खो हसले. "जेलात कड्या कमी पडल्या की काय?"

"आतून लागणारी एकही नाहीये, अण्णा."

अण्णांचं हसू ओसरलं. त्यांनी खोकं उपडं केलं, सगळ्यांत जाड होती ती मी, मला उचललं आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे, हीच न्या. ही वाकायची नाही."

माझ्यासाठी अर्ज केला होता अहल्या अक्कांनी. अक्का इथल्या जुन्या मराठी घरातल्या, शिवणकाम करणाऱ्या. खटला अजून उभाही राहिला नव्हता आणि चौदा महिने त्या आत होत्या. साठ बायका, आठ न्हाणीघरं. दारं होती, पण ढकललं की उघडणारी. एका पायाने दार दाबून धरायचं, अंगावर परकर ठेवायचा आणि भराभर चार तांबे ओतून घ्यायचे, याला इथे आंघोळ म्हणत. हजेरीची वेळ झाली की वॉर्डरबाई खुशाल दार ढकलून आत डोकावायची. ती वाईट नव्हती; तिला दुसरी रीत ठाऊकच नव्हती.

अक्कांचे तीन अर्ज परत आले. चौथ्यावर एका दारापुरती परवानगी मिळाली.

बसवायला आले येसाजी. तुरुंगाचे सुतार, हात वाऱ्यासारखा चालणारा. पाच मिनिटांत काम उरकून ते बाजूला झाले आणि बायका माझ्याकडे बघतच राहिल्या. मला बाहेरच्या बाजूला ठोकलं होतं!

"येसाजी अण्णा, हे काय हो?" अक्का म्हणाल्या. "आम्ही आत आंघोळ करायची आणि तुम्ही बाहेरून कोंडायचं?"

येसाजींनी कपाळाला हात लावला. "अय्यो अक्का, हात आपसूक तिकडंच गेला बघा. बावीस वर्षं इथं कड्या बसवतोय, सगळ्या बाहेरूनच!"

बायका हसून हसून बेजार झाल्या. मला मात्र संताप आला. येसाजींनी खाली मान घालून स्क्रू काढले आणि मला आत आणलं.

पहिल्यांदा अक्काच आत आल्या. मला सरकवलं, दार ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. मग चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी अंगावरचे सगळे कपडे काढून बाजूला ठेवले. पाणी गारच होतं, पण त्या सावकाश, एकेक तांबा घेत राहिल्या. मध्येच रडू लागल्या. मीही रडले असते, पण गंज चढायची भीती.

तीन आठवडे सुखाचे गेले. मग एका सकाळी सिद्धी नावाची पोरगी आत चक्कर येऊन पडली. खांद्याने धडका देऊन, माझा चौकटीतला कोंडा उखडून दार उघडावं लागलं. पोरगी तासाभरात उठून बसली, पण हुकूम निघाला: कडी काढा. अधीक्षकबाईंना जिवाची धास्ती होती, ती मला कळते. उद्या कुणी आत खरंच जिवाचं बरंवाईट केलं तर जाब त्यांनाच द्यावा लागेल. पण म्हणून साठ जणींना पुन्हा उघड्यावर आणायचं? ते मला मान्य नव्हतं.

अक्कांनाही नव्हतं. येसाजी पेचकस घेऊन आले तेव्हा त्या माझ्या दारासमोर बादली पालथी घालून बसल्या. शेजारी सिद्धी बसली. मग एकेक करत सगळ्याच.

"कडी गेली तर आम्ही आंघोळ करणार नाही," अक्कांनी सांगून टाकलं.

ऐन एप्रिल. तीन दिवस साठही बायकांनी अंगाला पाणी लावलं नाही. चौथ्या दिवशी अधीक्षकबाई नाकाला रुमाल लावून आल्या.

"अहल्या, आत कुणी पडलं तर मी काय करू? सांग!"

"दार खालून वीतभर कापा, पाय दिसतील," अक्का म्हणाल्या. "कडीजवळ फट ठेवा, पट्टी घालून बाहेरून सरकवता येईल. पण आधी दार ठोठावायचं, नाव घेऊन हाक मारायची. उत्तर आलंच नाही तरच उघडायचं."

बाईंनी वाकून दाराची खालची कड बघितली. मग त्यांनी येसाजींना करवत आणायला सांगितलं.

आता दार खालून आखूड झालंय आणि माझ्या बाजूला फट पडलीय. चालेल. वॉर्डरबाई पहिले काही दिवस दारावर धडका मारायची, हल्ली बोटाने टकटक करते. पण परवानगी अजून तात्पुरतीच आहे. मागच्या आठवड्यात वरून तपासणीच्या बाई आल्या, फाईल बगलेत मारून थेट दारावर आदळल्या. मी जागची हलले नाही.

"स्वल्प इरी!" आतून अक्का ओरडल्या. "जरा थांबा, केस धुतेय!"

बाई चक्क थांबल्या. अक्कांनी केस दोनदा धुतले.

माझं काय करायचं ते पुढच्या महिन्यात ठरणार आहे, असं त्या फाईलीत लिहून गेल्यात. शेजारची सात दारं अजून नुसती लोटलेली आहेत. ठरवणाऱ्यांनी त्यांचंही ठरवावं, एवढंच मागणं आहे. आणि काढायलाच यायचं असेल, तर या. पण आधी दार ठोठावा. आत बाई आंघोळ करतेय, तिचं आटपेपर्यंत उभं राहावं लागेल.