भिंतीला लागलेला चेंडू

बारा सामने, दोन विजय, एक बरोबरी आणि नऊ पराभव. कॉलेजच्या मुलींच्या हॉकी संघाचा हंगाम शनिवारी असा संपला, आणि सोमवारी सकाळी कोचबाई सामानाच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसल्या. प्राचार्यांना पराभवाची कारणं लेखी हवी होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर तीही सोय उरली नव्हती. मैदान याच वर्षी नवं कोरं झालं होतं.

एकोणीस वर्षं बाई या खोलीत बसत होत्या. ओल्या पॅडचा आणि घामाचा वास त्यांच्या अंगाला चिकटून घरापर्यंत जायचा. "तू जिन्यात असतानाच मला कळतं," असं नवरा म्हणायचा. हरणं त्यांना नवं नव्हतं. पण असं ओळीनं, वाळूसारखं हातातून निसटत हरणं नवं होतं.

त्यांनी शेवटच्या सामन्याचं चित्रण लावलं. संघ तो पाच-एकनं हरला होता. पाचापैकी चार गोल उत्तरार्धात झाले, आणि चारही सोपे. गोलात होती 'भिंत'. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलेली, उंच, अबोल, एकोणीस वर्षांची मुलगी. हंगामात नाक शिल्लक राहिलं असेल तर ते तिच्यामुळे. म्हणूनच शनिवारी बाई तिच्यावर चिडल्या होत्या. सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "उघड्या डोळ्यांनी झोपली होतीस का?" भिंतीनं मान खाली घातली होती. एरवी ती निदान "सॉरी मॅडम" तरी म्हणायची.

मध्यंतराच्या जरा आधी पेनल्टी कॉर्नर झाला. समोरच्या मुलीनं फटका मारला आणि चेंडू भिंतीच्या हेल्मेटवर, कानाच्या वर बसला. ती गुडघ्यांवर बसली. पडद्यावरच्या बाई धावत गेल्या, वाकल्या, काहीतरी विचारलं. काय विचारलं ते बाईंना आठवत होतं. "बरी आहेस ना?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनीच तिचा दंड धरून तिला उभं केलं होतं.

दुसरी गोलकीपर बाकावर बसली होती, पॅड बांधून, तयार. पण ती कच्ची होती, आणि तेव्हा गुणफलक एक-एक होता. हंगामाची अब्रू एका बरोबरीनं तरी झाकली जाईल, असं बाईंच्या मनात होतं.

मग ते दृश्य आलं. उत्तरार्ध सुरू होताना भिंत पाणी पिऊन निघाली, ती समोरच्या संघाच्या गोलाकडे. सरळ, शांतपणे. अर्ध्या मैदानावर कप्तान पळत गेली आणि तिनं हाताला धरून तिला वळवलं. मुली हसल्या. पंच हसला. आणि पडद्याच्या कोपऱ्यात, हाताची घडी घालून, बाईही हसत होत्या.

बाईंनी चित्रण थांबवलं. मागे नेलं. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना त्यांना कळलं, तिला दिशाच उमगत नव्हती.

त्यांनी भिंतीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग कप्तानला.

"काल दुपारी बोलले होते मॅडम," कप्तान म्हणाली. "डोकं दुखतंय म्हणाली, झोपते म्हणाली. जरा अडखळत बोलत होती. मला वाटलं, रडत असेल. तुम्ही बोललात ना शनिवारी."

"आणि आज?"

"आज उचलत नाहीये. का, काय झालं?"

बाईंनी फोन ठेवला. हजेरीपटावरून पत्ता उतरवून घेतला आणि त्या निघाल्या.

भिंतीचं घर एका लॉन्ड्रीच्या वर होतं. घरात मायलेकी दोघीच. आई गणवेश शिवायच्या कारखान्यात जायची, सकाळी सातला घर सोडायची ते संध्याकाळी सहाला परत. लोखंडी जिना चढून बाईंनी दार वाजवलं. आधी बोटांनी, मग मुठीनं. आतून आवाज नाही. त्यांनी दाराला कान लावला. आत फोन वाजत होता, त्यांनीच लावलेला. दाराच्या पलीकडे पाच-सहा हातांवर तो वाजत होता आणि कोणी उचलत नव्हतं. आपण एकोणीस वर्षं मुलींना धावायला शिकवलं आणि आता आपले पाय जागचे हलत नाहीत, असं त्यांना वाटलं.

"कोण हवंय?" खालून लॉन्ड्रीवाले काका वर बघत होते.

"मी तिची कोच. ती दार उघडत नाहीये."

"झोपली असेल. तिची आई सकाळी म्हणाली, डोकं धरलंय, झोपू दे तिला." काकांनी बाईंचा चेहरा पाहिला. "थांबा. एक किल्ली माझ्याकडे असते."

पडदे ओढलेल्या खोलीत आंबूस वास होता. पलंगाजवळच्या बादलीत उलटी होती. भिंत कुशीवर निजली होती, अंगात अजून शनिवारचाच संघाचा शर्ट. बाईंनी तिच्या नाकाशी हात धरला. श्वास हाताला लागला.

"बाळा, ऊठ. ए बाळा."

बऱ्याच हाकांनंतर तिनं डोळे उघडले. नजर बाईंवरून घसरून छताकडे गेली.

"मॅडम," ती जड जिभेनं म्हणाली, "मध्यंतर संपलं का?"

  काकांनी कपडे पोचवायची गाडी जिन्याशी लावली, दोघांनी मिळून तिला खाली आणलं आणि धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर निजवलं. वाटभर बाई तिचं डोकं मांडीवर धरून तिच्याशी बोलत राहिल्या. काय बोलत होत्या ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. ती मध्येच डोळे मिटायची, आणि दर वेळी बाई हाका मारून तिला ते उघडायला लावायच्या.

दवाखान्यात तिला आत नेलं. बाहेरच्या बाकावर तासभर गेला. काकांनी कळवल्यावर आई आली. गळ्यात मोजपट्टी तशीच, बाहीला पांढरे दोरे चिकटलेले. ती बाईंच्या शेजारी बसली आणि तिनं बाईंचा हात धरला. "बरं झालं तुम्ही गेलात. देवासारख्या धावून आलात." त्या हातातून आपला हात सोडवून घ्यायचं धैर्य बाईंना झालं नाही.

डॉक्टर बाहेर आल्या. तरुण होत्या, पण शब्द मोजून वापरणाऱ्या. कवटीच्या आत थोडा रक्तस्राव झाला होता. "सध्या ऑपरेशन लागेल असं वाटत नाही. पण चोवीस तास काही सांगता येणार नाही. वाढला तर डोकं उघडावं लागेल. मार कधी लागला?"

"शनिवारी, सामन्यात," बाई म्हणाल्या.

"लागल्यावर लगेच बाहेर बसवलंत ना?"

आई बाईंकडे बघत होती. हो म्हणणं सोपं होतं. तिथे कोणी साक्षीदार नव्हता. बाईंना एवढी भीती वाटली, की क्षणभर तोंडात होकार आलाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "अर्धा सामना खेळवलं. तिला दिशा कळत नव्हती, तरी खेळवलं. दुसरी मुलगी होती बाकावर. मीच उतरवली नाही."

आईनं हात काढून घेतला.  ती समोरच्या दाराकडे वळली. मग म्हणाली, "तुम्ही आता जा."

बाई गेल्या नाहीत. खालच्या मजल्यावर, आईला दिसणार नाही अशा खुर्चीत बसून राहिल्या. वरून कोणी पायऱ्या उतरू लागलं की त्या उठून उभ्या राहायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी येऊन सांगितलं, "वाढलेलं नाही. आईला नावानं ओळखलं तिनं." तेव्हा बाई खुर्चीमागच्या भिंतीकडे तोंड करून रडल्या.

ऑपरेशन टळलं. डोकेदुखी मात्र मुक्कामाला राहिली, आणि खेळ कायमचा बंद झाला. बाईंनी प्राचार्यांना सगळं सांगितलं. "कशाला उगाच अंगावर ओढून घेता?" असं ते म्हणाले खरे, पण पुढच्या हंगामासाठी दुसरा कोच शोधायलाही त्यांनी उशीर केला नाही.

महिन्याभरानं भिंतीचाच निरोप आला, भेटायला या म्हणून. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. बारीक झाली होती.

"मला तो सामना आठवतच नाही," ती म्हणाली. "कोणी धड सांगत नाही. तुम्ही सांगा."

बाईंनी पहिल्यापासून सांगितलं. ती उलट्या गोलाकडे निघाल्याचंही.

"सगळे हसले असतील."

"हो."

"तुम्ही?"

"मी पण."

मुलगी चादरीची कड दुमडत राहिली. बाई वाट बघत होत्या; दवाखान्यातल्या बाकावर वाटली नव्हती एवढी भीती त्यांना आता वाटत होती.

"अजून कधीकधी उठल्यावर मला कळत नाही, मी कुठे आहे," ती अखेर म्हणाली. "दिवसा जास्त होतं. घरात कोणी नसतं. खूप घाबरते मी. आईला सांगत नाही, ती काम सोडून बसेल."

"मी येत जाऊ का?"

तिनं घड्याळाकडे पाहिलं. "आज तरी थांबा," ती म्हणाली. "आई सहाला येते."

चार वाजले होते. बाईंनी चपला दाराशी नीट काढून ठेवल्या आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून घेतली.