आईचे टाक

आमदारसाहेब असन तो तुमच्यासाठी. मले तो उकंड्याच हाय. माय मेली तवा रांगत होता. मी त्याची मोठी बहीन, मीच वाढवलं. लोकाच्या वावरात कापूस वेचून वकील केला त्याले. बोरी अरबात आमच्या वस्तीतला पयला वकील! काळा कोट घालून आला तवा मीठ-मिरचीनं मीच नजर काढली.

छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला अन् घरात पाय ठेवल्याबरोबर म्हने, "बाई, देव काढ." देव म्हंजे आईचे टाक. पितळेच्या पत्र्यावर ठोकलेले, बोटाएवढे. आईची तेवढीच आठवन होती घरात. मी मुठीत धरून बसली. त्यानं माझं एकेक बोट सोडवलं अन् टाक नदीत नेऊन टाकले. "आता कोन्या देवापुढं वाकाचं नाई, देवाची शपथ घ्याची नाई," म्हने. मी लय रडली, पन आयकलं. अन् मंग पटलंबी मले. मेलेलं ढोर ओढनं सुटलं, मान वर करून चालाले लागली. हे देनं त्याचंच हाय, मी कायले नाई म्हनू?

बासष्ट साली राखीव जागेवर उभा राह्यला अन् निवडून आला. गुलाल काय, बँड काय! मंग हारलेल्या मानसानं कोर्टात अर्ज टाकला, का हा बौद्ध झाला, अन् बौद्धाले राखीव जागा चालत नाई. तसा कायदाच होता. मुर्दाड कायदा! मंग त्या कायद्यासंगं भांड ना बापा, वकील काहून झाला तू? हा काय करून आला? यवतमाळच्या सराफाकडून चांदीचे नवे टाक रुमालात बांधून आनले अन् माझ्यापुढं ठेवले.

"बाई, उद्या तुही साक्ष हाय. सांगजो, आमच्या घरातले देव कधी हाललेच नाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अन् आईचे कुठं गेले रे?"

"आमदारकी गेली त वस्तीचंच नुकसान होईन, बाई."

वस्तीचं! लाज नाई वाटली लेकाच्याले वस्तीचं नाव घेताना. मंग बसला मले पढवत. तिकडचा वकील हे इचारीन, तू हे सांग. मी टाक परत रुमालात बांधले अन् पदरात खोवले.

दुसऱ्या दिवशी कोर्टात पिंजऱ्यात उभं केलं मले. समोर उकंड्या, खादीचा इस्त्रीचा कोट घालून. कारकून उठला. "बाई, म्हणा, देवाची शपथ घेऊन खरं सांगेन."

एवढा मोठा वकील! सारे सवाल पढवले, अन् शपथच इसरला.

"देवाची शपथ मी घेत नाई," म्हनलं.

"का बरं?" जजसाहेबानं इचारलं.

"माझ्या भावानं सोडवली, छप्पन साली. हा काय, बसला समोर." मी पदरातून रुमाल काढला. "हे देव यानं काल आनले. आईचे नदीत हायत."

उकंड्याचं तोंड पांढरंफटक पडलं. "बाई..." म्हने, लहानपनी भूक लागली का म्हने, तसाच.

पन या वक्ती त्याले माझी बोटं सोडवा लागली नाई. मीच रुमाल त्याच्यापुढं ठेवला अन् पिंजऱ्यातून खाली उतरली.