मंगळवारचं भांडं

आमच्या चर्चमध्ये कुणी आजारी पडलं की तळघरातल्या फळ्यावर मी तक्ता लावते. कोणत्या वारी कुणी जेवण पोचवायचं, ते त्यावर असतं. सव्वीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे, आणि केंटकीच्या या कोपऱ्यात माझ्या तक्त्यावाचून कुणाच्या घरी साधं सूपही जात नाही. एकाच दिवशी दोघींचं चिकन गेलं तर बायका वर्षभर धुसफुसतात, म्हणून ही शिस्त.

नादीन स्परलॉकला पोटाचा कॅन्सर झाला तेव्हा मंगळवार मी स्वतःकडे ठेवला. तिचा नवरा ऑर्व्हिल चर्चचा जुना सेवक, पण त्याला अंडं उकडता येत नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यात बायबलातल्या जलप्रलयाचं करमणूक-उद्यान यायचं ठरलं. नोहाचं तारू खऱ्या मापाचं, आत डायनासोरच्या शेजारी माणसांचे पुतळे. त्यासाठी जिल्ह्याने कर्ज काढायचं, वर उद्यानाला तीस वर्षं करही माफ. शहरातले प्राध्यापक येऊन विज्ञान सांगून गेले, त्यांना आम्ही हसलो. पण जिल्ह्याच्या सभेत ऑर्व्हिल उठला.

"बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकातली ओळ न् ओळ मी मानतो," तो म्हणाला. "पण नोहाने लाकूड स्वतःच्या खिशातून आणलं. शेजाऱ्यांच्या माथी बिल मारलं नाही. पैसे नाहीत म्हणून आपण अँब्युलन्स बंद केली, आणि आता तारू बांधायचं?"

"खाली बस, नास्तिका," मागून कुणीतरी म्हणालं. चाळीस वर्षं दर रविवारी दानाची थाळी फिरवणाऱ्या माणसाला.

ठराव मंजूर झाला. रविवारी पाळक ड्वाइट यांनी प्रार्थनेच्या यादीत नाव वाचलं, ऑर्व्हिलभाऊंच्या कठीण झालेल्या मनासाठी. आमच्यात कुणी कुणाला शिव्या देत नाही, त्याच्यासाठी प्रार्थना करतं.

नंतर पाळक स्वयंपाकघरात आले. "व्हर्नाताई, बायका दमल्यात हो. स्परलॉकांचा तक्ता थोडे दिवस राहू द्या." दारातून वळून म्हणाले, "आणि हो, मिस्टीच्या पत्राचं लक्षात आहे माझ्या."

मिस्टी माझी मुलगी. दोन पोरं, नवरा पळालेला, ती होती तो कारखाना बंद. उद्यान बांधून व्हायच्या आधीच त्याच्या कचेरीत भरती सुरू झाली होती; तिथे नोकरी हवी तर जग सहा दिवसांत झालं असं आपण मानतो हे लिहून द्यायचं आणि सोबत पाळकांचं पत्र जोडायचं. गरजवंताला अक्कल नसते. मी "बरं" म्हणाले आणि तक्ता काढून पर्समध्ये घातला.

वाटलं, तक्ता नसला तरी कुणीतरी जाईलच. प्रत्येकीला तेच वाटलं. तीन आठवडे कुणीच गेलं नाही. मंगळवारी मी त्यांच्या घरावरून जायचं टाळून लांबच्या रस्त्याने जायचे. मिस्टीसाठी पाळकांचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, हे कुटुंब आजाऱ्याला कधी उपाशी राहू देत नाही. मी ते दोनदा वाचलं आणि तिच्या हातात दिलं.

पुढच्या गुरुवारी नादीन गेली.

दफनानंतरच्या जेवणाला तळघरात तेवीस भांडी आली. तो तक्ता मात्र मीच लावला होता. ऑर्व्हिल स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याच्या हातात माझं काचेचं भांडं होतं, बुडाला चिकटपट्टीवर माझं नाव. आत मक्याचा पाव होता, कडेने करपलेला.

"रिकामं देऊ नको, नादीन म्हणाली होती," तो म्हणाला. "मीच भाजलाय. शिकलो या तीन आठवड्यांत."

"ऑर्व्हिल, मी..."

"दर मंगळवारी विचारायची, व्हर्ना आली का? मी सांगायचो, तिची गाडी बिघडलीय." त्याने भांडं ओट्यावर ठेवलं. "शेवटच्या मंगळवारी म्हणाली, बिचारीची गाडी लवकर दुरुस्त होऊ दे म्हणून प्रार्थना करू या. केली आम्ही दोघांनी."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. तळघराच्या छोट्या खिडकीतून माझी गाडी दिसत होती. मिस्टीला तिथूनच कामावर जायचं होतं. उद्यानाचा निळा शर्ट घालून ती गाडीला टेकून उभी होती.