रिसेप्शनवरचा गप्प फोन

माझी भाची मुंगी काय काम करते, हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नाही. तिचे वडील, म्हणजे माझे भाऊजी, इमारती बांधतात. ते म्हणतात, "मी बांधलेलं रस्त्यावरून दिसतं. हिला म्हटलं दाखव, तर म्हणते, बाबा, माझं काम दिसलं की समजा मोडलं."

मला थोडंफार कळतं, कारण त्याच कंपनीत मी रिसेप्शनला बसते. वेबसाइटच्या पत्त्याला शेवटी टिंब असतं आणि टिंबापुढे चार-दोन अक्षरांचं शेपूट. प्रत्येक शेपटाची एक संस्था असते, आणि कुठलं नाव कुणाचं याची नोंद तिने ठेवायची. एक नाव दोघांना गेलं की झालीच मारामारी. ही नोंद सांभाळणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते आणि चालवतेसुद्धा. नावं विकणारे दुकानदार देशोदेशी बसलेत. त्यांचं काही अडलं की फोन माझ्या टेबलावर वाजतो. ऑफिसात मी मुंगीला मॅडम म्हणते, ती मला अहो-जाहो करते. घरी गेल्यावर मी तिचा कान धरते.

त्या दिवशी एका छोट्या देशाच्या नोंदणी संस्थेच्या प्रमुख बाई आल्या होत्या. त्यांची जुनी व्यवस्था एकदा दिवसभर बंद पडली होती. दुधाने तोंड पोळलेली बाई, ताकही फुंकून पिणारी. त्यांचं समाधान झालं तर अख्ख्या देशाची नावं आमच्याकडे येणार होती. नाही झालं, तर मुंगीची टीम मोडायची, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं. मुंगीने दोन वर्षं घालून दुसऱ्या शहरात यंत्रांची जुळी बहीण उभी केली होती. इथलं बंद पडलं की तिकडची त्याच क्षणी काम उचलणार.

साहेबांचं म्हणणं, खरी यंत्रं नको, ही अदलाबदल सरावाच्या नकलेवर दाखवू. मुंगी म्हणाली, "सर, कागदाचं घर पेटवून बंब दाखवायचा का? खरंच बंद करू."

"आणि नाही चाललं तर?"

"तर बाईंनी आपल्याकडे येऊच नये."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच हिला वाढवली. वाढवलीच आहे निम्मी, पण ते त्यांना कशाला सांगू?

यंत्रांची खोली म्हणजे थंडगार हवा, घूं घूं आवाज आणि केबलींनी भरलेलं उंच कपाट. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर हिरवे दिवे. मुंगी म्हणाली, "बाई, यातली कुठलीही केबल काढा."

बाईंनी हात मागे बांधले. "तुम्ही सोयीच्याच लावल्या नसतील कशावरून? यातलं काही न कळणारं माणूस बोलवा."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात मी, हातात चहाचा ट्रे.

"मॅडम, मी नको."

"ओढा हो तुम्ही." मुंगीचा आवाज अगदी स्थिर. पण कानाच्या पाळ्या लालबुंद. लहानपणापासून भीती वाटली की हिचे कान बोलतात.

मी म्हटलं, करायचं तर ठसठशीत. सगळ्यात जाड केबल दोन्ही हातांनी धरली आणि ओढली.

घूं घूं थांबलं. भिंतीवरचा पडदाही काळा पडला.

"अहो, तुम्ही अख्ख्या कपाटाची वीजच काढलीत!" टीममधला एकजण ओरडला. "पडद्यासकट!"

साहेब स्टुलावर बसले. "आता तिकडचं चाललंय की मेलंय, कळणार कसं?"

पोरीची दोन वर्षं, आणि मी मुळालाच हात घातला.

मुंगीने क्षणभर काळ्या पडद्याकडे पाहिलं. "बरंच झालं. पडदा आमचा, बाईंनी त्यावर तरी विश्वास का ठेवावा? चला, मावशीच्या फोनपाशी. त्याची तार वेगळी आहे, तो बंद पडलेला नाही. दुकानदारांचं अडलं असेल तर आत्ता तो बोंबलत असेल."

बाई थबकल्या. "मावशी? सख्खी?"

"सख्खी."

"म्हणजे घरचंच माणूस!"

"हो ना. आणि घरच्याच माणसाने बघा कसा सुरुंग लावला."

बाई पहिल्यांदा हसल्या.

आम्ही सगळे माझ्या टेबलाभोवती उभे राहिलो. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरला नुसता ठसका लागला तरी हा फोन मला पाण्याचा घोट घेऊ द्यायचा नाही. आता गप्प. ट्रेमधल्या चहावर साय धरली. साहेबांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला.

"साहेब, ठेवा खाली! लाइन अडेल."

त्यांनी मुकाट्याने ठेवला, आणि फोन वाजला.

मुंगीचे कान आता जांभळे व्हायचे बाकी होते. मी स्पीकर लावला. नावं विकणाऱ्या एका दुकानातला कारकून होता. त्यांचं ऑफिस हललं, नवा पत्ता कुठे कळवायचा?

"कळवा मलाच. पण दादा, नावं नोंदली जाताहेत ना?"

"हो, आत्ताच तर दोन केली."

बाई पुढे झुकल्या. "आत्ता म्हणजे कधी?"

"तुम्हाला फोन लावता लावता! का हो, बंद पडणार आहे की काय?"

"छे," मी म्हटलं. "आमच्याकडे काही बंद पडत नाही."

बाईंनी साय बाजूला सारून तो गार चहा न फुंकता पिऊन टाकला. "आमची नावं तुम्हीच सांभाळा. पण पुढच्या वर्षीही केबल याच ओढणार."

"तेव्हा त्या रजेवर असतील," साहेब म्हणाले.

केबल परत लावायला मुंगीबरोबर मीही गेले.

"मावशी, सगळ्यात जाडच कशी गं सापडली तुला?"

"तूच म्हणालीस ना, खरंच बंद करू."

तिने माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं. कान अजून गरम होते.

संध्याकाळी मी भाऊजींना फोन लावला. "भाऊजी, आज आमच्या ऑफिसात काही म्हणजे काही झालं नाही!"

"मग एवढी ओरडतेस कशाला?"

"तुमच्या इमारतीचा तळमजला ओढून काढा, आणि वरच्या मजल्यावर कुणाचा चहासुद्धा हिंदकळू देऊ नका. ते जमलं की मग मुंगीचं काम काय म्हणून विचारा."