चंद्रीच्या पसंतीचा आवाज

अर्पिताच्या रुखवतात शिलाई मशीन होतं, लोकरीचा ससा होता, साखरेचं तुळशीवृंदावन होतं, आणि या सगळ्यांच्या मधोमध एक चकचकीत स्नेअर ड्रम होता. वऱ्हाडातल्या बायका त्याच्याभोवती घोटाळल्या. एकीला ते पुरणाचं नवीन यंत्र वाटलं. दुसरीनं झाकण कुठून उघडतं ते चाचपून पाहिलं. नवरदेवाची आई धुरपदाबाई मात्र लांबूनच म्हणाली, "डबा लई चांगला हाय. सालभराचे पापड मावतील."

त्यात पापड मावत नाहीत, त्यातून आवाज निघतो, हे तिला नव्या सुनेची हळद उतरायच्या आतच कळलं, आणि तेही भलत्या वेळी.

अर्पिता धाराशिवची. कॉलेजच्या बँडमध्ये ती ड्रम वाजवायची. गॅदरिंगला तिनं काठ्या उचलल्या की मागं उभी राहिलेली पोरं शिट्ट्या मारायचं विसरायची. लग्न होऊन ती ढोकीजवळच्या एका गावात आली. नवरा रणधीर साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. स्वभावानं इतका गरीब, की घरात आवाज चढले की तो मोटारसायकल पुसायला घ्यायचा. गावात तिला ओळखणारं कुणी नव्हतं. अख्खा ड्रमसेट सासरी आणता येत नाही, म्हणून त्यातला जिवाचा एक तुकडा तेवढा तिनं आणला होता. घरात त्याला जागा मिळाली कडब्याच्या खोलीत. खोलीला लागून गोठा, आणि गोठ्याच्या पलीकडच्या भिंतीला लागून स्वयंपाकघर.

त्या दिवशी तिन्हीसांजेला सासरे महारुद्र चंद्री म्हशीची धार काढत होते. चंद्री फक्त आपल्याच हाताला पान्हा सोडते, हा महारुद्रांचा अभिमान होता आणि तो ते पाहुण्यांना चहाआधी सांगत. अर्पितानं भिंतीपलीकडे काठी उचलली आणि सहज एक ठोका दिला.

ताड्!

कॉलेजात असताना ताणून बांधलेला ड्रम तो. फटाका कानाशी फुटावा तसा वाजला. चंद्रीनं चरवीला लाथ घातली, महारुद्र शेणात बसले आणि धोतरावर चरवीभर दूध आलं. दुसऱ्या दिवशीही म्हैस कडब्याच्या खोलीकडे डोळे वटारून उभी राहिली आणि दूध चोरलं ते चोरलंच.

"पोरी, ह्ये डबडं हाय का बाँब हाय?" धुरपदाबाईनं कमरेला पदर खोचला. "घरात एक तर दूध ऱ्हाईल न्हाय तर ह्ये. पंचमीला तुझा भाऊ मुराळी म्हणून येईल ना, त्याच्यासंगं माघारी धाड."

रणधीर मोटारसायकल पुसायला गेला.

अर्पिताला त्या रात्री झोप लागली नाही. ड्रम गेला तर आपण या घरात नुसती सून म्हणून उरू, असं तिला वाटलं आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं. सकाळी उठून ती सासूपुढं उभी राहिली.

"आत्या, ड्रम वाजत असताना चंद्रीनं पान्हा सोडला तर?"

धुरपदाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. "सोडला तर ऱ्हाऊ दे तुझा ड्रम जलमभर. पर म्हस हाय ती, तुझ्या कॉलेजातली पोरं न्हाईत."

पैज लागली. आता आवाज खाली आणायचा होता. जाड, खोल, पोटातून आल्यासारखा. अर्पितानं ड्रमची चावी काढली आणि वरच्या पानाचे, म्हणजे ताणलेल्या पडद्याचे, सगळे बोल्ट सैल केले. मग एक बोल्ट फिरवला की त्याच्या बरोबर समोरचा, असं करत पानाच्या सुरकुत्या जेमतेम जातील एवढंच ते ताणलं. शेजारचे बोल्ट ओळीनं आवळत गेलं की पान एका अंगाला ओढतं, आणि आवाज रुसल्यासारखा येतो. खालचं पान तिनं जरा घट्ट ठेवलं. त्याच्याखालची तारांची जाळी सैल केली. आता 'ताड्' गेलं आणि 'भद्' आलं. पण प्रत्येक ठोक्यामागं एक 'टंऽऽग' रेंगाळायचं, दारात घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखं. चंद्री लाथ घालायची थांबली, पण दूध देईना. ड्रम वाजला की ती कान पाडून उभी राहायची, जणू तिला कुणी तरी कर्जमाफीवरचं भाषण ऐकवतंय.

महारुद्र ओरडायचे, "बास कर गं, हात दुखायला लागले माजे!"

श्रावण जवळ आला तेव्हा एक दिवस धुरपदाबाई शेजारणींबरोबर सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला गेली. स्वयंपाक अर्पिताकडे आला. तिला हातावर भाकरी येत नसे. सासू नाही असं बघून तिनं पोळपाटावर प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि लाटण्यानं, चोरासारख्या, आवाज न करता चार भाकरी लाटून काढल्या. गोठ्यात महारुद्र धारेला बसले होते. बराच वेळ झाला तरी चरवीत धार पडल्याचा आवाज येईना.

"ड्रम वाजवलास का गं?" त्यांनी हाक दिली.

"हातसुद्धा लावला नाही, मामा."

"मग हिला झालंय काय? आज काय पंचमी हाय का?"

अर्पिता पीठ भरल्या हातांनी गोठ्यात गेली. "पंचमीचं काय मामा?"

महारुद्रांनी कासेवरचा हात काढला आणि ऐटीत सांगितलं, "चंद्री लई देवभोळी हाय. दर पंचमीला सांजच्याला दूध द्येत न्हाय. नागोबाला राखून ठिवती. साऱ्या गावाला ठावं हाय. म्या कुणाला जबरदस्ती करू देत न्हाय त्या दिवशी."

अर्पितानं मान डोलावली आणि स्वयंपाकघरात येऊन तव्यापुढं बसली. पंचमीला आपण काय करत नाही? चिरत नाही, कापत नाही, तळत नाही, चुलीवर तवा ठेवत नाही. दिंडं उकडतो. म्हणजे भाकरी थापत नाही. आणि आज तिनंही थापली नव्हती, लाटली होती. तिनं समोरच्या भिंतीकडे पाहिलं, जिच्या पलीकडे चंद्री उभी होती, आणि तव्यावरची भाकरी करपली.

दुसऱ्या संध्याकाळी ती कडब्याच्या खोलीच्या दारातून गपचूप बघत राहिली. महारुद्र बसले होते, कास चोळत होते, चंद्री ढिम्म. मग स्वयंपाकघरात धुरपदाबाईनं काठवट पुढं ओढली आणि पहिला हात पडला. थप्. थप्. थप-थप्. चंद्रीचे दोन्ही कान भिंतीकडे वळले, डोळे अर्धे मिटले, आणि महारुद्रांच्या चरवीत दुधाची धार फेस काढायला लागली. धार संपताच धुरपदाबाई पहिल्या भाकरीचा चतकोर घेऊन आली आणि तिनं तो चंद्रीच्या तोंडात दिला. रोज देत होती ती. कितीक वर्षं देत होती. महारुद्र मात्र आपल्या बोटांकडे कौतुकानं बघत होते.

अर्पितानं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. सांगितलं असतं तर सासऱ्यांनी मानलं नसतं, आणि सासू म्हणाली असती, मग ड्रमची गरजच काय? रोज भाकरी थापली जात होती तोवर ड्रमनं काय केलं आणि भाकरीनं काय केलं हे कुणाला कळणार? पैज जिंकायला एकच दिवस होता, ज्या दिवशी ड्रम मुराळ्याबरोबर जायचा होता तोच.

त्या दिवसापासून ती संध्याकाळी सासूजवळ काठवटीपाशी बसायला लागली. धुरपदाबाईला वाटलं, पोरगी शहाणी झाली, भाकरी शिकायलीय. तिनं जीव ओतून शिकवलं. "आधी मनगट ढिलं सोड. बोटांनी न्हाय, तळव्यानं थाप. ही काठवट माज्या म्हायेरची हाय, बाभळीची. परातीत असा आवाज येत न्हाय बघ." अर्पिता बघत कमी होती आणि ऐकत जास्त. लाकडाच्या पोटातून येणारा तो आवाज गोल होता, जाडा होता आणि लगेच थांबत होता. त्याच्यामागं काही रेंगाळत नव्हतं. एवढ्या वर्षांत हा आवाज नीट ऐकणारी या घरात एक म्हैसच होती, हे मनात येऊन तिला हसूही आलं आणि कसंतरीही झालं.

दुपारी सगळे कलंडले की ती ड्रमपाशी बसायची. वरचं पान आणखी उतरवलं. काठ्यांऐवजी तळवा वापरून पाहिला. 'टंऽऽग' काही जाईना. धोतराच्या फडक्याची घडी पानावर ठेवली, तर आवाज उशीत तोंड खुपसल्यासारखा झाला. एके दिवशी पोळ्यांची कणीक मळून हात न धुताच ती ड्रमपाशी बसली. बोटांना चिकटलेली कणीक तिनं वैतागून पानाच्या कडेला पुसली आणि थाप मारली.

थप्.

तिनं कणकेची सुपारीएवढी गोळी कडेला नीट दाबून बसवली आणि पुन्हा थाप मारली. काठवट. सख्खी काठवट.

चतुर्थीला यायचा तो तिचा भाऊ प्रेम सुट्टी न मिळाल्यामुळं पंचमीलाच दुपार टळल्यावर मित्राची जीप घेऊन आला. घरात उकडलेल्या दिंडांचा वास होता. चूल होती, तवा नव्हता. काठवट भिंतीला टेकवून ठेवलेली. प्रेम दिंडं तुपात बुडवून खात होता आणि अर्पिता पुन्हापुन्हा गोठ्याकडे बघत होती.

"धार काढू द्या, मग निघा," महारुद्र म्हणाले. "व्याह्यांना थोडं दूध न्या. आज ती द्यायची न्हाय म्हणा, पर पाहुण्यासाठी इचारून बघतो."

विचारलं. चंद्रीनं उत्तर दिलं नाही. महारुद्रांनी बसल्या जागीच नागोबाला हात जोडले, तेवढ्यात प्रेम कडब्याच्या खोलीतून ड्रम काखेत मारून निघाला.

"ठेव तो खाली," अर्पिता म्हणाली.

"अगं, तुझ्या सासूबाईंनीच—"

"खाली ठेव."

तिनं दिंडांच्या कणकेतली ताजी गोळी कडेला लावली, डोळे मिटले आणि तळवा टाकला. थप्. थप्. थप-थप्. गोठ्यात काहीच हललं नाही. तरी ती थापत राहिली, धुरपदाबाई पीठ फिरवताना थांबते तिथं थांबत, थापते तिथं थापत. मग गोठ्यातून चरवीच्या बुडावर पहिली धार वाजली आणि महारुद्र ओरडले, "आगं आयाया, देवा नागोबा!"

धुरपदाबाई अंगणात वाती वळत होती. तो आवाज ऐकला आणि ती ताडकन उठली. "कोण मुडदा भाकरी थापायलाय पंचमीच्या दिवशी? काठवटीला हात कुणी लावला?" ती स्वयंपाकघरात धावली. काठवट भिंतीला टेकलेली होती. चूल थंड होती. आवाज येतच होता. ती गोठ्यात आली तर चरवी फेसानं भरत आलेली. मग ती कडब्याच्या खोलीच्या दारात आली आणि तिथंच थांबली.

ती सुनेच्या तळव्याकडे बघत राहिली.

"ह्यो माजा हात हाय," ती हळूच म्हणाली.

"हो आत्या. तुमच्याच हाताला सोडते ती पान्हा. आधीपासून. पंचमीला तुम्ही भाकरी थापत नाही, म्हणून दूध नसतं."

भिंतीपलीकडून महारुद्रांचा पडलेला आवाज आला. "म्हंजी इतकी वर्सं म्या..."

"तुमी नुसती चरवी धरीत व्हता," धुरपदाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू होतं. तिनं पुढं होऊन ड्रमवर तळवा ठेवला, जपून, गरम तव्यावर ठेवावा तसा. एक थाप मारली. मग आणखी एक. रणधीरनं हातातलं फडकं मोटारसायकलवर टाकलं आणि तो मोकळेपणानं हसला.

प्रेमला यातलं काही कळलं नव्हतं. त्यानं दुधाची किटली जीपमध्ये ठेवली आणि विचारलं, "मग ह्याचं काय करायचं? न्यायचं का नाही?"

"घेते मी बरोबर," अर्पिता म्हणाली. पैज जिंकली होती; आता चार दिवस माहेरी मनासारखं वाजवावं, असं तिच्या मनात होतं.

"त्यो कुटं जात न्हाय," धुरपदाबाईनं ड्रम दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढला. "पोरी पंचमीला म्हायेरी जात्यात अन् पोळ्यापतोर यायचं नाव घेत न्हाईत. ह्यो हितं असला म्हंजी तू येशील."

अर्पिताला एकदम रडू आलं. या घराला आपण परत यायला हवं आहे, हे इतके दिवस तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं वाकून सासूच्या पायांना हात लावला आणि डोळे पुसत म्हणाली, "ती कणीक उद्यापर्यंत वाळेल, आत्या. मग आवाज बिघडेल."

"वाळू दे की," धुरपदाबाई म्हणाली. "म्या रोज नवी लावीन."